दोन पत्त्यांचा देव

लगीनसराई लागल्याचं आमच्या डोंबिवलीच्या घरात आधी खिडक्यांच्या काचांना कळतं. खाडीकडच्या कुठल्यातरी गावात हळद असते, मांडवाबाहेर स्पीकरचे मनोरे रचलेले असतात आणि त्यांचा ठोका अकराव्या मजल्यावरच्या आमच्या तावदानांत येऊन बसतो. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू होतं, ‘ह्या लोकांना कोणी काही बोलत नाही का?’ मी त्या ग्रुपवर आहे आणि ह्या लोकांतलीही आहे. त्यामुळे मी काही लिहीत नाही. गॅलरीत उभी राहते, ठोका ठाकुर्लीच्या अंगाने येतोय की खाडीपलीकडून त्याचा अंदाज घेते आणि मनात म्हणते, वाजवा.

यंदाच्या वैशाखात अशाच ठोक्यात मी एक कादंबरी वाचली आणि पेटले. तिचं नाव सांगणार नाही. ती तशीही भरपूर खपते आहे, त्यात माझी भर नको. आजच्या ठाण्यात घडणारी अद्भुतकथा आहे. नायिका स्कूटरवरून घरोघर जेवण पोचवणारी मुलगी. एक दिवस तिला दिसायला लागतं, की टॉवरांच्या पायात जुने देव गाडले गेले आहेत, खाडीतल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, सांडपाण्याच्या पाइपांतून वर चढतात आणि लिफ्टच्या खड्ड्यात कोणीतरी राहतं, जे पौर्णिमेला सतराव्या मजल्याचं बटण दाबतं. पुस्तक मला दिलं माझ्या भाचीने, सायलीने. ती स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली होती. पत्रिकेवर हे जाडजूड पुस्तक ठेवून म्हणाली, “आत्या, वाच. आपल्याकडचं आहे. शेवटी मी रडले.”

जे चांगलं आहे ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई भांडायलाच बसली आहे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाला जो वास येतो, त्यावर ह्या लेखकाने दोन पानं लिहिली आहेत. तो वास इथे राहणारे लोक खिडकी बंद करून घालवतात. ह्याने तो नाकात भरून घेतला आहे. त्यात कुजकेपणा आहे, मीठ आहे, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आहेत, आणि खाली कुठेतरी काहीतरी उगवतं आहे असा एक हिरवट भाग आहे, तोही त्याने पकडला आहे. ती पानं मी पुन्हा वाचली. भाजी गॅसवर लागली.

आता पुढचं. ह्या कादंबरीत ठाण्यात धुकं पडतं. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात पडतं. आमच्याकडे सकाळी जे दिसतं ती बांधकामाची धूळ असते, आणि तिच्यातून देव प्रकट होत नाहीत, शिंका येतात. ह्या कादंबरीतले देव पुस्तकी मराठी बोलतात. शेकडो वर्षं चिखलात उभा असलेला वेशीवरचा राखणदार त्या मुलीला ‘कृपया माझे ऐक’ म्हणतो. आमच्या वेशीवरच्या देवाने आयुष्यात कोणाला कृपया म्हटलेलं नाही. आणि आम्ही, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर हे टॉवर आहेत ते आगरी लोक, चारशे पानांत दोनदा येतो. एकदा गळ्यात जाड सोनसाखळी घालून, विनोदासाठी. दुसऱ्यांदा मरायला.

मरायला येते ती एक म्हातारी. राखणदाराचं नाव आणि त्याला बोलवायचं गाणं एकट्या तिलाच येत असतं. ती एका वृद्धाश्रमात मरते, गाणं तिच्याबरोबर जातं, आणि फुटपाथवर उभा असलेला राखणदार हळूहळू विरळ होत पुसला जातो. वरचा दिवा दोनदा लुकलुकतो. संपलं पुस्तक. सायली इथे रडली. मी इथे पुस्तक मिटून डायनिंग टेबलावर इतक्या जोरात आपटलं, की आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, “काय पडलं?”

त्या म्हातारीला कादंबरीत नाव नाही. माझ्या म्हातारीला होतं. माझी आई धवलारीण होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लग्नात भटजी येण्याच्या आधी एक बाई मांडवात बसते आणि धवले गाते. त्या गाण्यांतून ती देवांना लग्नाचं आवतण देते. मोठ्या देवांना तर देतेच, पण गावातल्या एकेका जागेलाही देते. शेताच्या बांधावरची आई, मिठागराच्या तोंडावरची आई, विहिरीतला, चिंचेवरचा, वेशीवरचा, खाडीतला. प्रत्येकाला नावाने आणि पत्त्याने बोलवायचं आणि प्रत्येकाला त्याचा मान सांगायचा. कोणी राहिला तर तो रुसतो, आणि रुसला की लग्नघरी काहीतरी बिनसतं. निदान नंतर जे काही बिनसतं ते त्याच्या नावावर टाकता येतं. माझी आई ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या गावची धवलारीण होती आणि तिला अवघा गाव, वरचा आणि खालचा, पाठ होता.

धवले एकटीने गात नाहीत. आमच्याकडे दोघी बसतात. पुढची बाई ओळीचा पहिला अर्धा भाग घेते, म्हणजे देव आणि त्याची जागा. मागची दुसरा अर्धा ओढते, म्हणजे त्याचा मान. आईच्या मागे मथुराकाकू बसायची. माझी दहावीची परीक्षा संपली त्या वैशाखात मथुराकाकूने पुढचे सगळे दात काढून घेतले आणि कवळी काही वेळेवर आली नाही. बिनदातांनी ती गायला बसली तर देवच काय, शेजारची बाईसुद्धा आली नसती. मग आईने मला विचारलंच नाही. एका सकाळी माझ्या अंगावर स्वतःची जुनी हिरवी नऊवारी टाकली आणि म्हणाली, “निकाल लागंपरत तू मागं बस.”

तो एकच उन्हाळा. पण माझ्या डोक्यात आजही उन्हाळा म्हटलं की तोच येतो. पाहुण्यांच्या टेम्पोत मागे पिंपांच्या आणि केळीच्या घडांच्या मध्ये बसून आम्ही मायलेकी गावोगावी जायचो. आमच्या गावात लग्नं होतीच, शिवाय आमच्या लेकी जिथे दिल्या तिथेही आईला नेत. विठ्ठलवाडीकडे, टिटवाळ्याच्या पलीकडे, जिथे तेव्हा नुसतं रान होतं आणि आता सेल्फी पॉइंटसकट गृहसंकुलं आहेत. टेम्पोचा पत्रा तापलेला असायचा. आई पदराची घडी करून माझ्या बुडाखाली सारायची. वाटेत मिठागरं लागायची आणि मिठाच्या राशी बघताना डोळे मिटून घ्यावे लागायचे, इतकं ते पांढरं असायचं. पावसाच्या आधी त्या राशी झापांनी शाकारायचं काम चाललेलं असे. पोचलो की पहिल्यांदा माठातलं पाणी, मग हळदीच्या दळणाचा वास, मग शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर बसणं. पाय पुढे पसरायचे नाहीत, कारण समोर देव येऊन बसणार असत. मला त्या वयात हसू यायचं, पण पाय मी आखडूनच घेत असे.

आईचा आवाज गोड नव्हता. जाड होता, जरा फाटका. ती गाताना डोळे मिटत नसे. उलट मांडवाच्या बाहेर, ज्या दिशेला तो देव असेल तिकडे बघायची, जसं आपण दारात उभं राहून समोरच्या घरातल्या माणसाला हाक मारतो. नाव तिचं झालं की माझी पाळी. ‘तिला हिरवी चोली, तिला गुलाचा खरा.’ मिठागराच्या आईला मीठ चालत नाही, दिवसभर तेच बघते बिचारी, म्हणून गुळाचा खडा. ‘त्याला सुका बोंबील, त्याला तारीचा घोट.’ हा खाडीतला, ताडी पिणारा. ‘तुला नारल मानाचा, तुला सावली पानांची.’ हा वेशीवरचा चेडोबा, उन्हात उभा राहून राखण करणारा, म्हणून त्याला सावली. मी नुसती मान वाटत होते. कोणाला वाटतेय ते आईला ठाऊक होतं, मी कधी लक्ष दिलं नाही. द्यायची गरजच नव्हती. ती समोर बसलेली होती.

कादंबरीतला राखणदार रस्त्याच्या कामात उखडला जातो आणि तिथूनच तो विरळ व्हायला लागतो. इथे मला लेखकाची कीव आली, कारण खरी गोष्ट त्याच्या हाताशी होती आणि त्याला ती कोणी सांगितली नाही.

त्याच वैशाखात आमच्या गावच्या वेशीवर रस्ता रुंद करायला घेतला. चेडोबाचा दगड मध्ये येत होता. गावाने बैठक घेतली, रीतीप्रमाणे कोंबडं दिलं आणि दगड उचलून पाण्याच्या टाकीखाली नव्या चौथऱ्यावर नेऊन बसवला. सगळं शिस्तीत झालं. मग आठवड्याभराने पहिलं लग्न आलं. आई गात गात चेडोबापाशी पोचली आणि तिने ‘टाकीखालच्या चेडोबा’ म्हणून हाक घातली. तेवढ्यात नवरीचा आजा काठी आपटत उठला.

“दगर हालवला,” तो म्हणाला. “द्येव हालला का, ते कोनी इचारलाव?”

मांडवात एकदम कालवा झाला. अर्धा गाव म्हणाला, देव दगडात असतो, दगड गेला तिथे देव गेला. अर्धा गाव म्हणाला, देव जागेत असतो, दगड ही नुसती त्याची खूण. एकजण म्हणाला, रस्त्याच्या मधोमध आवतण द्यायला कोण जाणार, ट्रक उडवेल. आजा म्हणाला, मग लग्नच करू नका. मी माझा अर्धा भाग तोंडात धरून बसले होते, तो ओढावा की गिळावा ते कळेना. आईने तांब्यातलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग दोनी जाग्यांव आवतान देतंय. जिकरं आसंल तिकरून येल.” आणि तिने एका चेडोबाला दोनदा बोलावलं, एकदा टाकीखालून, एकदा वेशीवरून. मी दोन्हीकडे नारळ वाटले. त्या दिवसापासून आमच्या गावच्या प्रत्येक लग्नात त्याला दोन नारळ.

मला त्या निकालाचं तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता डोंबिवलीत राहून वाटतं. इथे निम्म्या इमारती पाडून पुन्हा बांधायला काढल्या आहेत आणि निम्मे लोक भाड्याच्या घरात बसून आपल्या घराची वाट बघत आहेत. कुठलंही कागदपत्र करायला गेलं की कायमचा पत्ता विचारतात आणि सध्याचा पत्ता विचारतात. माणूस एकच. त्याला कोणी विरळ झाला असं म्हणत नाही. मग आमच्या देवावरच ही पाळी का आणता? जागा गेली की आम्ही पुसले गेलो, हे कोणी ठरवलं? आमची मिठागरं गेली, भातशेती गेली, पैसे आले, काहींनी ते उडवले, काहींनी पोरं शिकवली, मी शिकले, पोरांना पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. हे सगळं होऊन आम्ही इथेच आहोत. आमच्याबद्दल लिहिताना लोकांना आम्ही गेलेलोच का लागतो, ह्याचा मला राग येतो. गेलेल्या माणसांबद्दल हळवं होणं सोपं असतं. असलेल्या माणसांना पार्किंग लागतं.

आमच्या सोसायटीत एक वाचक मंडळ आहे. विद्याताई ते चालवतात. मूळच्या पुण्याच्या, वाचन चौफेर, आणि एक नंबरच्या आग्रही. त्यांनी ह्या लेखकाला रविवारी बोलावलं होतं. मला फोन आला, “भारती, तुम्ही मूळच्या इथल्या. चर्चेची सुरुवात तुम्ही करा. फक्त जरा सांभाळून हं. पाहुणा आहे.”

पाहुणा घोडबंदरच्या बाजूला राहणारा निघाला. तिशीचा, चष्मा, आवाज खाली. मी तयारीने गेले होते की ह्याला सोलायचा, आणि तो समोर वाकून नमस्कार करून बसला. तरीही मी बोलले. चिखलाच्या दोन पानांबद्दल बोलले, तो लाजला. धुक्याबद्दल बोलले, लोक हसले, तोही हसला. मग मी शेवटावर आले.

“ती म्हातारी मारायची काय गरज होती?”

“मॅडम, ते प्रतीक आहे.”

“कशाचं?”

“नष्ट होत गेलेल्या स्मृतीचं.”

“कोणाच्या?”

“इथल्या मूळ लोकांच्या.”

“मी इथली मूळ आहे,” मी म्हटलं. “मी नष्ट होऊन चहा पितेय का?”

विद्याताईंनी बिस्किटांची बशी पुढे केली. “भारती, तुम्ही मनाला फार लावून घेता. कल्पना आहे ती.” कल्पना आहे हे मला कळतं. पण कल्पनेत दुसऱ्याचा देव मारताना त्याला विचारायची पद्धत असावी, असं मी म्हटलं. तेव्हा त्या मुलाने जे विचारलं त्यात खोच नव्हती. त्याला खरंच हवं होतं. “मॅडम, मी शोधलं होतं हो. दोन वर्षं. खाडीकाठच्या गावांत गेलो. सगळे म्हणाले, आमची धवलारीण होती, आता नाही. आज तिथे कोणी गातं का?”

आणि इथे माझी जीभ सुटली. “मंगळवारी दुपारी आमच्या गावी या,” मी म्हटलं. “माझ्या भाचीच्या मांडवाची मेढ आहे. ऐकायला मिळेल.”

“कोण गाणार?” विद्याताईंनी विचारलं.

“मी.”

घरी येताना लिफ्टमध्येच मी हिशोब मांडायला लागले. आई जाऊन काही वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरात दोन लग्नं झाली, दोन्ही भाच्यांची, आणि दोन्हीकडे हळदीच्या गाण्यांची पार्टी बोलावली होती, माइकवाली. पलीकडच्या गावांत अजून धवलारणी आहेत. पण त्या त्यांच्या देवांना ओळखतात, आमच्या बांधांना आणि विहिरींना नाही. आता सायलीचं लग्न. तिने पत्रिका देताना मला विचारलं होतं, “आत्या, माझ्या मेढीला कोण गाणार?” मी म्हटलं होतं, बघू. सायलीच्या मांडवात कोणी गायलं नाही, तर नंतर कोणी गाणार नाही, आणि मग त्या मुलाच्या पुस्तकातला शेवट खरा. माझी आई खरीच मेली असं होईल. मला काही झालं तरी ते पुस्तक खोटं पाडायचं होतं.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मी गायला लागले. ‘तिला हिरवी चोली, तिला गुलाचा खरा’ आलं. ‘त्याला सुका बोंबील’ आलं. सगळे मान एकामागून एक आले, चाल आली, श्वास कुठे तोडायचा तेही आलं. नावं आली नाहीत. ज्या अर्ध्यावर मी बसले होते तेवढंच माझं होतं. सोमवारी दिवसभर मी भांडी घासताना, अंघोळीत, दूध आणायला जाताना गायले. कुकरच्या शिट्टीत गायले. मिठागराची, खाडीतला आणि चेडोबा एवढे मला ओळखू येत होते. बाकीच्या चोळ्या, विडे, फुलं कोणाची ते एकटी आई जाणत होती. आमच्या घरात पाहुण्यांना द्यायचे आहेर येऊन पडावेत आणि कोणाला काय द्यायचं त्या चिठ्ठ्याच उडून जाव्यात, तशी माझी गत झाली.

मंगळवारी गावी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आमचं गाव आता तीन बाजूंनी टॉवरांनी वेढलेलं आहे, आणि एका टॉवरची सावली दुपारी बरोबर दादाच्या, म्हणजे सायलीच्या वडिलांच्या, अंगणात पडते. मांडव त्या सावलीत घातला होता. उंबराची फांदी आणून ठेवली होती, आंब्याचे टाळे बांधले होते. डीजेवाला तारा जोडत होता. तांदळाच्या भाकऱ्यांचा वास येत होता आणि आतून सुकटीचा. लेखकमहाशय आधीच आले होते, पांढरा कुर्ता घालून, चपला हातात घेऊन, कारण कोणीतरी त्यांना मांडवात चपला नको म्हणून दटावलं होतं.

दादाने मला बाजूला घेतलं. “भारती, तुला येतं का तरी?”

“अर्धं येतं.”

“मंग?”

“मंग काय. अर्धंच गाते. डीजेवाल्याला सांग, बटणाला हात लावू नको.”

पाटावर बसले. पाय आपोआप आखडले गेले. पुढची जागा, आईची, मी मोकळी ठेवली होती. समोर सायली बसली, हिरव्या साडीत, मुंडावळ्यांच्या आधीचं मोकळं कपाळ घेऊन. मागे गावच्या बाया. आणि मी नाव न घेताच सुरू केलं, मधूनच, जिथून मला येत होतं तिथून. ‘तिला हिरवी चोली, तिला शेवंतीची येनी.’

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. असं कोणी सुरू करत नाही. हे म्हणजे पत्र मायन्यावाचून वाचणं. माझा आवाज आईसारखा जाडही नाही आणि गोडही नाही, पोरांना ओरडून ओरडून तो करवतीसारखा झालेला आहे. मी पुन्हा तेच गायले. ‘तिला हिरवी चोली, तिला शेवंतीची येनी.’ आणि थांबले.

मागच्या बायांतून हिराकाकूचा आवाज आला. ती गायली नाही, नुसती बोलली, जरा चिडूनच. “बाहेरच्या बांदावरची आई गो ती. आमचे खाचरातली. तिचा नाव घे ना आधी.”

मी बांधावरच्या आईचं नाव घेतलं आणि ओळ पूर्ण केली.

त्यानंतर जे झालं त्याला गाणं म्हणायचं की बाजार, मला माहीत नाही. मी मान ओढायचे आणि ज्या घराचा तो देव, त्या घरातली बाई नाव सांगायची. आईला सगळे येत होते, ह्या बायांना एकेकच येत होता, आपापल्या जमिनीवरचा. जमिनी गेल्या होत्या. त्या जमिनींवर कुठे पोहण्याचा तलाव झाला होता, कुठे मॉलचं तळघर. पण आपल्या बांधावर कोण बसतं आणि त्याला काय लागतं ते प्रत्येक घराला ठाऊक होतं, कारण घरातल्या पहिल्या पोराच्या पाचवीला त्याच्या नावाने काहीतरी काढून ठेवायचं असतं. सुक्या बोंबलाला पोचल्यावर पुरुषांतून हशा आला आणि कोणीतरी ओरडलं, “तो आमचा, खारीतला.” दोन जावांची भांडणं लागली, आधी चिंचेवरचा की विहिरीतला. “ईरीतला आधी, तो थोरला.” “कोन बोलला थोरला?” मी दोघींना डोळ्यांनी दटावत गात राहिले.

एका मानाला धनी मिळाला नाही. ‘तिला पांढरा फूल, तिला हलू हाक मारा.’ मी ते तीनदा गायले. मला आठवतंय की आई इथे आवाज उतरवायची आणि टाकीच्या पलीकडे, जिथे आता शाळेची भिंत आहे, तिकडे बघायची. कोण होती ती, जिला मोठ्याने हाक मारलेली चालत नसे? तिचं घर गावातून उठून गेलं असेल. मला तिथे वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या एका फुलापुरतं त्या पोराचं पुस्तक खरं आहे. पण मी ते फूल काढून टाकलं नाही. पाटाजवळ ठेवलं, हळू, नाव न घेता. ज्याला आठवेल तो घेईल.

शेवटी चेडोबा. हा माझा हक्काचा. मी ताठ बसले, गळा मोकळा केला आणि आईसारखी पाण्याच्या टाकीकडे बघून खणखणीत हाक घातली. ‘टाकीखालच्या चेडोबा रं, तुला नारल मानाचा, तुला सावली पानांची.’ दादाने नारळ पुढे केला. तो मी पाटावर ठेवला. संपलं. जिंकलो. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले आणि मान वळवून लेखकाकडे बघितलं, काय, बघितलंत का, अशी.

“आत्या.”

सायली बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होती.

“आत्या, पुलाखालचा राहिला.”

मी परत खाली बसले. ज्या भांडणाच्या मध्ये मी स्वतः नारळ धरून बसले होते, तेच माझ्या डोक्यातून गेलं होतं, आणि जिने ते भांडण पाहिलंही नाही ती मला आठवण करून देत होती. वेशीवरचा तो रस्ता आता राहिलेला नाही. तिथे उड्डाणपूल आहे, आणि चेडोबाची जुनी जागा एका खांबाच्या पायाशी आली आहे. खांबाला शेंदूर लावलेला मी जाता-येता पाहिला होता.

“तुला गं कसं ठाऊक?” हिराकाकूने विचारलं.

“दहावीला रोज बस तिथे सिग्नलला थांबायची,” सायली म्हणाली. “मी हात जोडायचे. पेपर चांगला गेला की येताना चॉकलेट ठेवायचे. आज्जी बोललेली, पुलाखालचा आपला जुना आहे, त्याला विसरू नको.”

ती हे अगदी साधेपणाने बोलली. पुस्तकातला देव मेल्यावर रडली होती ती हीच मुलगी, आणि इतके दिवस खऱ्या देवाला चॉकलेट खाऊ घालत होती. मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. मला हसू आलं आणि आवरेना. मग मी पुन्हा आवाज लावला, ह्या वेळी पुलाच्या दिशेला बघून, आणि सावली पानांची म्हणताना मनात म्हटलं, घे बाबा, आता तर तुला बारमाही सावली आहे, सिमेंटची का होईना.

दुसरा नारळ तिथे पोचवायला हवा होता. घरचे पुरुष मेढ उभी करण्यात गुंतले होते. हिराकाकूने मांडवभर नजर फिरवली आणि चपला हातात धरून उभ्या असलेल्या पांढऱ्या कुर्त्यावर ती थांबली. तिला तो कोण, काय लिहितो, कोणाला मारतो, काही ठाऊक नव्हतं.

“ए पोरा, तू रिकामाच हायस ना? जा, ह्यो पुलाखाली ठेवून ये.”

नारळ हातात पडल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

“कुठल्या खांबाशी ठेवायचा?” त्याने विचारलं.

“कोणालाही विचारा,” मी म्हटलं. “सांगतील.”

तो चपला घालून उन्हात निघाला. दोन वर्षं शोधूनही ज्याला कोणी भेटलं नव्हतं, त्याला आता वाटेतल्या पहिल्याच माणसाला चेडोबा कुठे म्हणून विचारायचं होतं. इकडे मेढ उभी राहिली, टाळ्या झाल्या, डीजेवाल्याने इतका वेळ आवरलेला हात बटणावर टाकला आणि पहिल्या ठोक्याला टॉवरच्या बऱ्याच खिडक्या पटापट बंद झाल्या. पंगत बसली. मी भाकरी मोडत होते तेव्हा तो परत आला. कुर्ता पाठीला चिकटला होता, चष्मा घामाने घसरत होता आणि बोटांना शेंदूर लागला होता. माझ्या शेजारी वाकून, गाण्याच्या वर आवाज काढत तो म्हणाला,

“मॅडम, ठेवला. पण तिथे आधीच तीन नारळ होते. आजचेच.”

“असणारच,” मी म्हटलं आणि त्याला बसायला जागा करून दिली. “लगीनसराई आहे.”